अकरावी पट

१

"बाई, पुढचा अंक?"

सातवीच्या पोरींनी दोनदा विचारलं, तरी पुष्पलताचा खडू फळ्यावरून हलेना. फळ्यावर साधाच भागाकार होता. तिचा हात थांबला होता तो वेगळ्याच कारणानं. आदल्या संध्याकाळी ऐकलेली एक लांबलचक संख्या अजून तिच्या कानात फिरत होती, आणि त्या संख्येचा पहिला अंक तिच्या ध्यानात आत्ता आला होता.

सहा.

दहा वर्षांनी घरी परतलेल्या भावानं ती संख्या घडाघडा म्हणून दाखवली होती. एकही अंक इकडचा तिकडे झाला नव्हता. ती ऐकून पुष्पलता त्याच्या गळ्यात पडून रडली होती. आणि आता, पोरींकडे पाठ करून उभी असताना, तिला कळत होतं की संख्या बरोबर असूनही चुकलेली होती.

ही गोष्ट बहात्तर सालची. पोळा होऊन गेला होता. दिवेलागणीच्या वेळी बायजाबाई, पुष्पलताची आई, नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आपल्या दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होती. उतरत्या उजेडात एक दाढी वाढलेला, खांद्यावर पिशवी घेतलेला माणूस समोर येऊन उभा राहिला आणि काही बोलेचना. बायजाबाईनं मान वर केली. सूप मांडीवरून घसरलं, पानं-तंबाखू अंगणभर झाली, आणि तिनं त्याला कवटाळलं.

"आला रे माह्या ताऱ्या! आला!"

गल्ली गोळा झाली. तीच उंची, तीच जरा डावीकडे झुकणारी मान. बकरीचं नाव त्यानं सांगितलं, बाप गिरणीच्या भोंग्याआधी उठून कसा खाकरायचा तेही सांगितलं. विसाव्या वर्षी गेलेलं पोर तिशीत परत आल्यावर आणखी काय सारखं राहणार? अख्ख्या इंदोऱ्यानं त्याला ताराचंद म्हणून ओळखलं.

पुष्पलतानंही.

२

छप्पन्नच्या दसऱ्याला घरातल्या सगळ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा ताराचंद चौदाचा होता आणि ती दहाची. घरी आल्यावर तो म्हणाला, "पुष्पे, आजपासून समदं नवीन. आपुनबी एक मोजणी सुरू करू. आपल्या दोघांचीच."

त्यानं कोळशाच्या तुकड्यानं अंगणात मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या कडेनं सोळा अंक लिहिले. एकाला सतरानं भागत गेलं की हे सोळा अंक येतात आणि पुन्हा पुन्हा तेच येत राहतात. शाळेत श्रीधर मास्तरांनी हे त्याला दाखवलं होतं.

०५८८२३५२९४११७६४७.

पुढच्या शून्याला किंमत नाही असं ती म्हणाली, तर तो चिडला. "काहून नाही? शून्यबी आपल्यातलाच आहे. त्याले बाहेर काहाडशील तर गोल तुटते."

मग त्यानं तिला या संख्येची दुप्पट करायला लावली. जीभ बाहेर काढून तिनं ती केली. ११७६४७०५८८२३५२९४. ताराचंदनं तिचं बोट धरून वर्तुळावरून फिरवलं. तेच अंक होते, त्याच क्रमानं. फक्त सुरुवात दुसऱ्या जागेपासून झाली होती. तिप्पट केली तरी तेच. नऊपट, बारापट, सोळापट, काही करा. गोल हलायचा नाही, नुसता फिरायचा. गावजेवणाच्या पंगतीत माणसं तीच असावीत आणि वाढप्यानं दर खेपेला निराळ्या पानापासून वाढायला लागावं, तसं.

"अन् सतरापट?"

"ते पाहाच तू," असं म्हणून त्यानं स्वतःच गुणाकार करून दाखवला. सगळे नऊ. सोळाच्या सोळा जागी नऊ.

त्या दिवशी त्यांचं ठरलं. दर दसऱ्याला एक पट पुढे जायचं. छप्पन्नला पहिली, सत्तावनला दुसरी. वर्षभर तीच म्हणायची, पुढच्या दसऱ्याला पुढची. सतरावी येणार होती बहात्तरला, ते नवांचं साल.

सहाव्या पटीपर्यंत दोघांनी मिळून म्हटलं. बासष्टच्या उन्हाळ्यात ताराचंद मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला. बाप रागाच्या भरात नको ते बोलला, आणि पोरगा अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. बाप पुढं त्याच बोलण्याची टोचणी घेऊन मेला. पुष्पलता दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची, लाखोंच्या गर्दीत एकेक चेहरा बघत हिंडायची आणि ओठातल्या ओठात पुढची पट म्हणायची. कुठंतरी तोही म्हणत असेल, एवढीच तिची आशा.

आता बहात्तरचा दसरा तोंडावर होता. म्हणजे अजून चालू होती ती सोळावी पट. ती नवापासून सुरू होते. दारात आलेल्या माणसानं म्हटलेली सहापासून सुरू झाली होती.

६४७०५८८२३५२९४११७. ही अकरावी पट. सहासष्ट सालची.

३

वर्गात कुणी कुणाचं बघून लिहिलं, हे पुष्पलताला पाट्या पाहताच कळायचं. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. चोरी पकडायची ती मधल्या खुणांवरून. एखादीनं हातचा वर मांडला असेल, तर तिच्यावरून उतरवणारीही तो वरच मांडते. उतरवलेल्या उत्तरावर मूळ मालकाची खूण राहतेच.

इथं खूण होती सहासष्टची. ती आली कुठून?

एक शक्यता गोड होती. हा ताराचंदच, पण सहासष्टनंतर त्यानं मोजणं सोडलं असेल. माणूस थकतो, त्याला वर्षाचं भान राहत नाही.

दुसरी शक्यता अशी की कुणीतरी या माणसाला संख्या पढवून आणलं होतं. ती ठाऊक असलेली माणसं तीनच होती, आणि तिघांनाही ताराचंद परत यायला हवा होता. श्रीधर मास्तर होते, दर रविवारी येऊन आईजवळ अपराध्यासारखे बसणारे. ट्रेनिंगमधली मैत्रीण प्रेमिला होती. 'पोरगा आल्याबिगर पोरीचं लगन नाही' या आईच्या हट्टाचा तिला भारी राग. आणि स्वतः आई होती, जिनं हे अंक वर्षानुवर्षं ऐकले होते.

खरं तर विचारण्यासारखा प्रश्न एकच होता, तोही त्या माणसालाच. पुष्पलता नेमका तोच टाळत होती. घरात आई जन्मात पहिल्यांदा गुणगुणत होती. "दसऱ्याले माह्या लेकाले घेऊन जाईन, समद्या इंदोऱ्यासमोर. मंग तुह्या लग्नाचं पाहू वं," असं म्हणून ती त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकायची. त्या ताटाकडे बघून प्रश्न विचारायचं बळ कुठून आणायचं?

ती आधी बाकीच्यांकडे गेली.

४

श्रीधर मास्तर आता निवृत्त होते. संख्येचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"शून्य पाच आठ आठ दोन तीन... वर्गात एकट्यानं समजून घेतलं होतं त्यानं. बाकीची पोरं जांभया देत होती." ते थांबले. "इंग्रजीत गेला गं तो. गणितात त्याला पैकीच्या पैकी होते. मी हेडमास्तरांकडे शब्द टाकायला हवा होता. टाकला नाही."

"सर, याच्या पटी म्हणून दाखवाल?"

"आता गुणाकार करायला बसवतेस का मला? पाठ आहे ती एवढीच."

मास्तरांकडे होती ती पहिली पट, छप्पन्न सालची. त्यांनी पढवलं असतं तर सुरुवात शून्यानं झाली असती.

प्रेमिला कन्हानला दिलेली होती. पुष्पलता रविवारी बसनं पोचली तेव्हा ती चुलीपुढं होती, आणि सगळं ऐकून हसता हसता तिला ठसका लागला.

"तुहं लगन व्हावं म्हणून मी भाऊ भाड्यानं आणला काय वं? भाड्यानंच आणायचं तर नवराच नसता आणला?"

"हसू नको प्रेमिला. मी शिकवली होती तुला ती संख्या. आठवते?"

"न आठवून सांगतो कोणाले! हॉस्टेलात झोपू देत नव्हती तू. बावन्न, चौऱ्याण्णव, अकरा, शहात्तर, सत्तेचाळीस, शून्य पाच, अठ्ठ्याऐंशी, तेवीस. झालं समाधान?"

बावन्नपासून सुरू. ही नववी पट, चौसष्टची. त्या वर्षी त्या दोघी ट्रेनिंगला होत्या.

"काहून चेहरा पाडून राहिली? भाऊ आला नं तुहा?"

तेवढ्यात प्रेमिलाचा नवरा पाळीवरून आला. तो कोळशाच्या खाणीत होता. हात धुवायला त्यानं बाही वर सारली, आणि पुष्पलता त्याच्या मनगटाकडे बघतच राहिली. कातडीखाली निळसर काळे ठिपके होते, गोंदल्यासारखे.

"हे कशाचं?" तिनं विचारलं.

"कोळशाचं, मास्तरीणबाई. वरून कपरी पडते, लागते. जखम भरून जाते, कोळसा आतच राहते. मेल्यावरच निघन आता."

घरी आलेल्या माणसाच्या मनगटावर अगदी असेच ठिपके होते. ही दहा वर्षं रायपूरकडे रस्त्याच्या गिट्टीवर होतो, असं त्यानं सांगितलं होतं.

बस परत निघाली तेव्हा पुष्पलतानं डोळे मिटून घेतले. आता एकच नाव उरलं होतं, आणि ते नाव खरं ठरावं असं तिला मनापासून वाटत होतं. आईनंच कुणाला शिकवून उभं केलं असेल, तर निदान आईचं काळीज फुटायचं नव्हतं.

५

"माय, भाऊ अन् मी तो आकडा म्हणत होतो, आठवते तुला?"

बायजाबाई बिडीचं पान कापत होती. "आठवते नं. गाण्यावानी म्हणत होते तुम्ही." तिनं मान हलवत सूर धरला, "तीन पाच दोन नऊ, चार एक एक सात..." पुढं तिला आठवेना. तीच हसली.

तीनपासून सुरू, म्हणजे सहावी पट.

"तेवढंच येते मले. त्या साली तो गेला नं. मंग तू घरात कधी म्हणलंच नाही वं."

खरंच होतं. अकरावी पट पुष्पलतानं कधीच कुणापुढं मोठ्यानं म्हटली नव्हती. सहासष्टच्या दसऱ्याला ती आईपासून लांब, गर्दीत एकटी उभी होती आणि ओठसुद्धा धड हलले नव्हते. म्हणजे ती पट नागपुरातल्या कुणाकडूनही फुटणं शक्य नव्हतं. साऱ्या जगात ती म्हणू शकेल असा आणखी एकच माणूस होता.

ताराचंद सहासष्टला जिवंत होता. तो मोजत होता. कुठंतरी, त्याच दिवशी, त्यानंही पट पुढे नेली होती! आनंदानं तिचा ऊर भरून आला, आणि तसाच अर्ध्यात थांबला. कारण आता तो एक प्रश्न टाळता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आई बिड्यांचं सूप घेऊन कारखान्यात गेल्यावर तो माणूस अंगणात दोर वळत बसला होता. पुष्पलता त्याच्यासमोर येऊन बसली.

"भाऊ, त्या दिवशीचा आकडा म्हणा नं पुन्हा."

त्यानं म्हटला. सहा चार सात शून्य पाच... शेवटी एक एक सात.

"आता पुढची पट म्हणा."

त्याचे हात थांबले. तिनं वाट पाहिली. चुकत का होईना, अडखळत का होईना, नुसतं 'आता नाही आठवत, पण सुरुवात बदलते' एवढं जरी तो म्हणाला असता, तरी तिनं तेवढ्यावर विश्वास ठेवला असता.

त्यानं घसा खाकरला आणि तीच संख्या पुन्हा म्हटली, पहिल्यापेक्षा जोरात.

६

"माझा भाऊ सदुसष्टच्या दसऱ्याआधी गेला ना?" पुष्पलता म्हणाली.

त्या माणसाच्या हातातला दोर सुटला. "तुमाले कोणं सांगतलं?"

"तुम्हीच. हा आकडा दर दसऱ्याला बदलतो. तुम्ही म्हणता तो सहासष्टचा आहे. मी सोडून तो एकाच माणसाला येत होता. तो पुढच्या दसऱ्यापर्यंत असता, तर तुम्ही त्याच्याकडून बारावी पट ऐकली असती. आणि तुमच्या मनगटात रायपूरची गिट्टी नाही, खाणीतला कोळसा आहे."

त्यानं सुटलेला दोर गोळा करून बाजूला ठेवला.

"मी देवाजी," तो म्हणाला. "सावनेरच्या अंगानं खाण आहे, तिथी आमी एका खोलीत राहत होतो. रातभर तो घरचं सांगे, बकरीपासून बापाच्या खाकरण्यापर्यंत. खाली उतरताना कोणी देवाचं नाव घे, कोणी शिव्या दे. ताराचंद आकडा म्हणे. ऐकून ऐकून मलेबी पाठ झाला. मधात कधी तो दुसरंच काही म्हणे, तं मले वाटे चुकला. तो शेवटचा तेवढा माह्या तोंडात राहिला."

"सावनेर?" पुष्पलताचा आवाज फाटला. "इतक्या जवळ?"

"दर दसऱ्याले नागपूरले येत होता तो. दीक्षाभूमीवर. तुमाले अन् मायले दुरून पाहून वापस जाये. मी म्हणो, अरे भेट नं गा. तो म्हणे, नवाच्या साली जाईन, काही बनून जाईन."

तिनं पदर तोंडात कोंबला. ज्या गर्दीत ती एकेक चेहरा उलटून बघत होती, त्याच गर्दीत तो उभा होता. ती पुढं सरकली की तो कुणाच्या तरी पाठीमागे होत असेल.

"कावीळ झाली त्याले, सहासष्टच्याच हिवाळ्यात. मले म्हणे, मायले जाऊन सांग. मी रोज म्हणो, उद्या जातो. कोणाच्या मायले असं काय तोंडानं सांगाव? सालं गेली. यंदा हिंमत केली. दारात उभा राहिलो अन् मायनं मले गळ्याशी लावलं, बाई. मले माय कशी असते माहीत नाही. मी लहानपणीच... माह्या तोंडातून शब्दच निघाला नाही. मंग एक दिवस गेला, दुसरा गेला. भाकर गोड लागली." तो उठला. "मी जातो. म्हणा, पोरगा पुन्हा पळून गेला."

क्षणभर पुष्पलतालाही तेच सोपं वाटलं. आई पुन्हा वाट बघत बसली असती. वाट बघायची तिला सवय होती. पण वाट बघणं म्हणजे काय, हे पुष्पलतापेक्षा जास्त कुणाला माहीत होतं? दहा वर्षांतले निम्मे दसरे तिनं नसलेल्या माणसाला शोधण्यात घालवले होते.

"नाही," ती म्हणाली. "जे सांगायला आला होता, ते सांगून जा."

७

देवाजीनं सांगितलं. बायजाबाई बिडी वळत होती, ती वळतच राहिली. पान, तंबाखू, दोरा. दोन-तीन बिड्या अशा झाल्या की त्यांना तोंडच नव्हतं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि त्या माणसाकडे न बघता लेकीला म्हणाली, "मले तिथी घेऊन चाल."

सावनेरच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. देवाजी मागं दांडा धरून उभा राहिला. जागा रिकामी झाली तरी तो बसला नाही आणि तिनंही त्याला बस म्हटलं नाही. रस्त्यात कापसाची शेतं लागली, मग धूळ काळी होत गेली.

खाणीच्या वस्तीमागं, नाल्याच्या चढावर दगडांची एक रास होती. कुणीतरी ती चुन्यानं पांढरी केलेली होती, आणि चुना जुना नव्हता. बायजाबाई जवळ गेली, खाली बसली. दगडांवरून तिनं हात फिरवला, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा, मागून पुढं. पुष्पलता तिच्या शेजारी बसली. सोळावी पट तिच्या ओठांवर आली होती. अकरावीनंतरची प्रत्येक पट तिला त्याला म्हणून दाखवायची होती, हळूहळू, एकेक वर्ष करून. पण आई काहीतरी बोलत होती.

"शेवटी काही खाल्लं होतं काय त्यानं?"

प्रश्न देवाजीला होता. तो लांब उघड्यावर, पायातल्या वहाणा काढून उभा होता.

"पेज देली होती, माय. दोन-चार घोट घेतले."

"आंबट तं नोहती? आंबट पेज तो थुंकून टाके. लहानपणापासून."

"ताजी होती. मीच शिजवली. मीठ टाकून, गरम."

बायजाबाईनं मान हलवली. बराच वेळ तिचा हात दगडांवरच होता. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, पुष्पलताला कोपरानं थोडं पलीकडं सारलं आणि कडुनिंबाच्या तेवढ्याशा सावलीत जागा केली.

"बस गा बाबू," ती म्हणाली. "उन्हात काहून उभा राहिला?"